हलक्या गाड्यांचे मिश्रधातू : संशोधन कुठवर आले, प्रश्न कुठे अडले

सोलापूरची चादर सगळ्यांना ठाऊक असते. सोलापूरचा कॅमशाफ्ट मात्र इंजिनाच्या पोटात असल्यामुळे कोणाच्या नजरेस पडत नाही. यतीन शहा यांनी १९९२ मध्ये उभ्या केलेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांतून निघालेले कॅमशाफ्ट मारुती, टाटांपासून फोर्ड, जनरल मोटर्सपर्यंत अनेक कंपन्यांच्या गाड्यांत गेले आहेत. होटगी रस्त्याला किर्लोस्कर फेरसची फौंड्री आहे. तिथे सिलिंडर ब्लॉक आणि हेड ओतले जातात. वाहनउद्योगाच्या नकाशावर सोलापूर आहे ते असे ओतीव लोखंडामुळे. आणि या उद्योगातले बरेचसे संशोधन गेली तीस-पस्तीस वर्षे नेमके गाडीतले लोखंड कमी करण्याच्या मागे लागले आहे.

या संशोधनाचा आढावा घ्यायचा तर एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. 'पोलाद की ॲल्युमिनियम की मॅग्नेशियम' अशा धातूंच्या नावांनी हा वाद बराच काळ चालला. आता त्याचा रोख बदलला आहे. धातू कोणता, यापेक्षा तो वितळला कसा, ओतला कसा, जोडला कसा आणि मुळात आला कुठून, हे प्रश्न पुढे आले आहेत. खरी मतभिन्नताही तिथेच आहे.

पार्श्वभूमी

सुरुवात जर्मनीत झाली. आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ १९०६ मध्ये ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून, ते तापवून, झटकन थंड करून पाहत होता. पोलादासारखे ते लगेच कडक होईल ही त्याची अपेक्षा होती. तसे झाले नाही. काही दिवसांनी तोच तुकडा पुन्हा तपासला तेव्हा कडकपणा आपोआप वाढलेला दिसला. धातूच्या आत अतिसूक्ष्म कण हळूहळू साचतात आणि त्यामुळे बळकटी येते, हे कारण पुढे उलगडले. त्यातून ड्युरॅल्युमिन निघाले, आणि विमाने व एअरशिप त्यावर उडाली. मोटारींपर्यंत हा धातू सावकाश आला : आधी पिस्टन, मग सिलिंडर हेड, मग चाके. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे केसिंग मॅग्नेशियमचे होते, एका गाडीत साधारण वीस किलो. सांगाडाच ॲल्युमिनियमचा करण्याचे धाडस मोठ्या प्रमाणावर ऑडीने १९९४ च्या ए८ मध्ये केले. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० या पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची करून सुमारे तीनशे किलो वजन उतरवले.

आपल्याकडे ॲल्युमिनियम वाहनात शिरले ते दुचाकीच्या वाटेने. स्कूटर-मोटरसायकलची क्रँककेस, हेड, ड्रम, पुढे अलॉय व्हील. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये बजाजच्या आधाराने एन्ड्युरन्ससारख्या डाय-कास्टिंगच्या कंपन्या वाढल्या. पुढे चाकणभोवती दुसरा पट्टा तयार झाला. कोल्हापूर-सांगली-सोलापूर हा भाग लोखंडाच्या ओतकामातच राहिला. कोल्हापूरच्या मेनन पिस्टन्ससारखे अपवाद सोडून. संशोधनासाठी नागपूरजवळ वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र १९८९ मध्ये उभे राहिले. पुण्यात वाहनांच्या चाचण्यांसाठी एआरएआय १९६६ पासून आहे. म्हणजे संस्था आहेत, कारखाने आहेत. मधली वाट मात्र फार वर्दळीची नाही.

वजन उतरवण्याचा दबाव इंधनाच्या नियमांतून येतो. एखाद्या कंपनीच्या सगळ्या मोटारींची सरासरी धरून कार्बन डायऑक्साइडची मर्यादा ठरवणारे 'कॅफे' नियम भारतात २०१७ पासून लागू झाले. २०२२-२३ पासून ही मर्यादा किलोमीटरमागे सुमारे ११३ ग्रॅमवर आली. वजन दहा टक्के घटले की इंधन साधारण सहा ते आठ टक्के वाचते, हा आकडा जगभर वापरला जातो. मात्र इंजिनही त्या मानाने लहान केले तरच तेवढी बचत हाती लागते, हे सांगायचे पुष्कळदा राहून जाते.

हलके म्हणजे किती?

पोलादाची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७, मॅग्नेशियमची १.७४. तीन आकडे पाहिले की निकाल लागलाच असे वाटते, पण तो लागत नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचे आहे, पण ताठपणाही एक तृतीयांशच आहे. सरळ ओढ घेणाऱ्या दांड्याला तेवढाच ताठपणा हवा असेल तर ॲल्युमिनियमच्या दांड्याचे छेदक्षेत्र तिप्पट करावे लागते आणि वजनाचा फायदा शून्यावर येतो. मॅग्नेशियम आणि टायटॅनियमचेही गणित जवळजवळ असेच आहे.

फायदा होतो तो वाकणाऱ्या भागांत. बॉनेटचा पत्रा घ्या. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. त्यामुळे पोलादाइतका ताठ ॲल्युमिनियमचा पत्रा साधारण १.४४ पट जाड असला की पुरे, आणि त्याचे वजन निम्मे भरते. मॅग्नेशियमचा पत्रा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भरतो. म्हणून दारे, बॉनेट, छत, बॅटरीची पेटी, केसिंग अशा पसरट आणि पोकळ भागांत हलके धातू शिरले. सस्पेन्शनच्या दांड्यांत पोलाद की ॲल्युमिनियम हा वाद अजून चालू आहे. या साध्या हिशेबाकडे दुर्लक्ष करून 'इतके टक्के हलके' असे दावे छापले जातात. ते वाचताना भाग कोणता आणि त्यावर बळ कसले, हे आधी विचारावे.

ओतकामातला वाद : वायू की पापुद्रा?

वाहनांतले बहुतेक ॲल्युमिनियम ओतलेले असते, आणि संशोधनाचा सर्वांत दाट भागही इथेच आहे.

वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये लक्षणीय प्रमाणात विरघळणारा वायू एकच, हायड्रोजन. तो येतो हवेतल्या आणि ओल्या अवजारांवरच्या बाष्पातून. ॲल्युमिनियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते आणि हायड्रोजन रसात उतरतो. रस गोठताना हायड्रोजन धरून ठेवण्याची त्याची क्षमता सुमारे वीस पटींनी घसरते. बाहेर पडू पाहणारा वायू आत अडकतो आणि भागात बारीक छिद्रे राहतात. (या एका बाबतीत सोलापूरची कोरडी हवा कोकणापेक्षा उजवी. पावसाळ्याचे महिने मात्र तिथेही सांभाळावे लागतात.) उपाय म्हणून फिरत्या दांड्यातून रसात नायट्रोजन किंवा आर्गॉनचे बारीक बुडबुडे सोडतात, त्यांच्याबरोबर हायड्रोजन वर येऊन निघून जातो.

हे चित्र अनेक दशके पुरेसे मानले गेले. बर्मिंगहॅमचे प्राध्यापक जॉन कॅम्पबेल यांनी त्याला आव्हान दिले. त्यांचे म्हणणे असे की निव्वळ हायड्रोजनला स्वच्छ रसात छिद्र पाडणे जवळजवळ अशक्य आहे. रसाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा क्षणात धरतो. रस उसळला की पापुद्रा स्वतःवर दुमडतो. दोन कोरड्या बाजू समोरासमोर येतात, पण चिकटत नाहीत. ही दुमडलेली जोडी म्हणजे रसात तरंगणारी तयार भेग. हायड्रोजन फक्त तिला फुगवतो. म्हणून साच्यात शिरताना रसाचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत ठेवावा आणि रस वरून न टाकता खालून चढवावा, असा त्यांचा आग्रह. दुसऱ्या बाजूचे धातुशास्त्रज्ञ पापुद्र्याचे महत्त्व नाकारत नाहीत. पण प्रत्येक दोषाचे खापर त्याच्यावर फोडणे त्यांना पटत नाही; गोठताना होणारे आकुंचन आणि स्फटिकांच्या फांद्यांमध्ये रस न पोचणे, ही कारणे त्यांच्या मते तितकीच खरी आहेत. पापुद्रे इतके पातळ असतात की सूक्ष्मदर्शकाखालीही ते खात्रीने दाखवणे अवघड जाते. त्यामुळे पुरावा बऱ्याचदा अप्रत्यक्षच राहतो.

फौंड्रीतली एक छोटी चाचणी हा तिढा नीट दाखवते. लहान चमच्याने रस घेऊन पातळ पोलादी वाटीत ओततात, वाटी काचेच्या झाकणाखाली ठेवून हवा खेचून घेतात. कमी दाबामुळे आतले दोष फुगतात. पाच-सात मिनिटांत गोठलेला तुकडा बाहेर काढून मधोमध कापतात, पॉलिश पेपरने घासतात आणि पाहतात. कापलेला भाग आरशासारखा दिसला तर रस चांगला. स्पंजासारखा दिसला तर पुन्हा गॅस काढायचा. अनेक वर्षे ही हायड्रोजनची चाचणी मानली जाई. संशोधक डिस्पिनार आणि कॅम्पबेल यांनी २००४ च्या सुमारास दाखवले की भोके पापुद्र्यांच्या संख्येवरही तितकीच अवलंबून असतात. कापलेल्या भागावरच्या छिद्रांची लांबी मोजून त्यांनी त्याचा निर्देशांक केला. गंमत अशी की फिरत्या दांड्याने गॅस काढताना पापुद्रेही काही प्रमाणात वर येतात, आणि दांडा जास्त वेगाने फिरवला तर नवे पापुद्रे तयारही होतात. एकच उपाय दोन्ही गोष्टी बदलतो, त्यामुळे सुधारणा कशाने झाली हे सांगता येत नाही. कारखान्याला याने फारसे अडत नाही. तुकडा स्वच्छ आला की झाले. पण भाग किती लाख फेऱ्यांनंतर तुटेल याचे भाकीत करायचे असेल तर मात्र अडते.

दुसरा वाद लोहाचा. भंगारातून वितळवलेल्या ॲल्युमिनियममध्ये लोखंडाचा अंश येतोच, आणि एकदा विरघळलेले लोखंड स्वस्तात बाहेर काढता येत नाही. ते सिलिकॉनबरोबर सुईसारखे ठिसूळ स्फटिक करते. भाग तिथून तडकतो. पण दाबाने ओतकाम करताना थोडे लोखंड असावेच लागते, नाहीतर रस पोलादी साच्याला चिकटून बसतो. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एडीसी १२ या मिश्रधातूत १.३ टक्क्यांपर्यंत लोखंड चालते. अपघातात चेमटावा पण फुटू नये अशा भागांसाठी १९९० च्या दशकात जर्मनीच्या राइनफेल्डेन कंपनीने काढलेल्या सिलाफॉन्ट ३६ सारख्या मिश्रधातूंत ते ०.१२ टक्क्यांच्या आसपास रोखलेले असते आणि साच्याला न चिकटण्याचे काम मँगनीजकडे दिलेले असते. मँगनीज सुयांचा आकारही बदलून त्यांना बोथट करते. प्रमाण जास्त झाले तर मात्र भट्टीच्या तळाशी जड गाळ साचतो. किती लोखंडाला किती मँगनीज, याची सूत्रे आहेत; पण ती गोठण्याच्या वेगाप्रमाणे बदलतात. जाड भागाला लागू पडणारा नियम पातळ भागाला लागू पडतोच असे नाही.

टेस्लाने २०२० पासून मॉडेल वायच्या मागच्या भागातले सत्तरएक तुकडे काढून तिथे महाकाय यंत्रावर ओतलेले एक-दोन भाग बसवले, तेव्हा या सगळ्या प्रश्नांना धार आली. एवढा मोठा, पातळ भाग तापवून पाण्यात बुडवला तर तो वेडावाकडा होतो. म्हणून उष्णोपचाराशिवायच पुरेसे बळ देणाऱ्या मिश्रधातूंवर सध्या सर्वाधिक काम चालू आहे. समर्थकांच्या मते जोडणी, जागा आणि यंत्रमानव यांची बचत निर्णायक आहे. टीकाकार दुरुस्तीकडे बोट दाखवतात : किरकोळ धडकेत अख्खा भाग बाद झाला तर विम्याचे काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि पुरेशा जुन्या गाड्या गॅरेजमध्ये येईपर्यंत निकाल लागणार नाही.

अर्धवट गोठलेल्या, लोण्यासारख्या अवस्थेत धातू ओतण्याची पद्धत एमआयटीत मर्टन फ्लेमिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी सापडली. रस शांतपणे सरकतो, हवा अडकत नाही, साचाही टिकतो. कागदावर ती सर्वांत देखणी. पण तापमान दोन-चार अंशांच्या आत राखावे लागते आणि तिथेच ती पन्नास वर्षे अडखळते आहे.

पत्रा, घडाई, जोडणी

ठोकून घडवलेल्या ॲल्युमिनियममध्ये छिद्रांचा प्रश्न जवळजवळ मिटतो, म्हणून सस्पेन्शनच्या भागांत ते पसंत केले जाते. पुण्याच्या भारत फोर्जने जर्मनी आणि अमेरिकेत ॲल्युमिनियम घडाईचे कारखाने चालवले आहेत, कारण गिऱ्हाईक तिकडे होते. पत्र्याची अडचण दाबताना परत उसळण्याची. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त उसळते आणि साचा त्या हिशेबाने वाकवावा लागतो. तापवून दाबण्याच्या पद्धतींनी यावर बरीच मात केली आहे, पण प्रत्येक नगामागे वेळ वाढतो.

जोडणीत मात्र खरी क्रांती झाली. केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय संस्थेत १९९१ मध्ये वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी घर्षणाने ढवळून सांधण्याची पद्धत शोधली. फिरती दांडी सांध्यातून पुढे जाते, धातू वितळत नाही, फक्त मऊ होऊन मिसळतो. वितळवलेल्या वेल्डिंगमध्ये ॲल्युमिनियमला पडणाऱ्या भेगा इथे पडत नाहीत. विजेच्या गाड्यांच्या बॅटरी-पेट्यांमध्ये ही पद्धत रुळली आहे. या पेट्यांचा बाजारही आता दाराशी आला आहे. हिंदाल्कोने २०२५ मध्ये चाकणला अशा पेट्यांचा कारखाना सुरू केला आणि महिंद्राच्या विजेरी एसयूव्हींसाठी पहिल्या दहा हजार पेट्या दिल्याचे जाहीर केले. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना जोडणे हा पुढचा टप्पा. सांध्यात ठिसूळ संयुगे तयार होतात, आणि पाणी शिरले की ॲल्युमिनियम गंजून पोलाद वाचते. चिकटवणे, रिव्हेट आणि वेल्डिंग यांच्या मिश्रणाने काम भागवले जाते. वीस वर्षांच्या मुरवणीनंतर ते सांधे कसे असतील, याची माहिती युरोपच्या थंडीतली आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेतली फारशी नाही.

मॅग्नेशियम

मॅग्नेशियमबद्दल थोडक्यात. या धातूंत सर्वांत हलके, ओतायला सोपे, यंत्रावर कापायला लोण्यासारखे. तरी बीटलनंतर ते मागे पडले. साध्या तापमानाला त्याचा पत्रा वाकत नाही, तडकतो. दोन-अडीचशे अंशांपर्यंत तापवावा लागतो. ते गंजते. वितळलेले मॅग्नेशियम पेटू नये म्हणून वर सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे आवरण ठेवत, आणि हा वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जबर आहे. पर्यायी वायू आले आहेत. त्याहून मोठी अडचण पुरवठ्याची : जगातले बहुतांश मॅग्नेशियम चीनमध्ये तयार होते. २०२१ मध्ये तिथे विजेची टंचाई झाली तेव्हा युरोपच्या ॲल्युमिनियम कारखान्यांनाही घाम फुटला, कारण ॲल्युमिनियमच्या पत्र्यातही मॅग्नेशियम लागते.

महाविद्यालयांतले कंपोझिट

ॲल्युमिनियममध्ये कठीण कण मिसळून ते झिजेला टिकाऊ करण्याचा विषय भारतात जितका अभ्यासला गेला तितका क्वचितच कुठे अभ्यासला गेला असेल. टोयोटाने १९८३ मध्ये डिझेल पिस्टनच्या खोबणीत सिरॅमिक तंतू घालून हे बाजारात आणून दाखवले. भारतात सुरुवात करून पुढे अमेरिकेत गेलेले प्रदीप रोहतगी यांनी औष्णिक केंद्रांची राख ॲल्युमिनियममध्ये मिसळण्याचा पाठपुरावा केला. कच्चा माल स्वस्त आणि मुबलक. सोलापुरापुरते बोलायचे तर फताटेवाडीला एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे केंद्र आहे, राखेला तोटा नाही.

देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एम.टेक.चा हा ठरलेला विषय आहे : छोटी भट्टी, ढवळणी, ६०६१ ॲल्युमिनियम, सिलिकॉन कार्बाइड किंवा राख, आणि शेवटी प्रयोगांच्या आखणीच्या टागुची पद्धतीने तक्ते. या कामाचे मोल कमी लेखू नये. मुलांचा हात वितळलेल्या धातूला लागतो तो इथेच. पण विषय पुढे सरकत नाही याची कारणे ठाऊक झालेली आहेत. कण रसाला नीट भिजत नाहीत आणि गुठळ्या होतात. ढवळताना हवा आणि वर सांगितलेले पापुद्रे आत जातात. रस जास्त तापला तर सिलिकॉन कार्बाइडपासून ॲल्युमिनियम कार्बाइड होते, आणि ते ओलाव्यात विघटित होते. कडकपणा वाढल्याचे निष्कर्ष भरपूर सापडतात. थकव्याच्या आणि यंत्रावर कापण्याच्या खर्चाच्या चाचण्या मात्र विरळ आहेत, आणि कारखानदार विचारतो ते नेमके तेच. माझ्या मते या विषयावरचा पुढचा शंभरावा प्रबंध कडकपणावर नसून नाकारलेल्या नगांवर असावा.

लोखंड काय म्हणते?

दुसरी बाजूही गप्प बसलेली नाही. तापवून साच्यातच झटकन थंड केलेला बोरॉनयुक्त पत्रा १,५०० मेगापास्कलपर्यंत बळ देतो. स्वीडनमध्ये १९७७ मध्ये पेटंट झालेली ही पद्धत साबने १९८४ मध्ये गाडीत आणली. पोलाद कंपन्यांच्या जागतिक प्रकल्पाने १९९८ मध्ये खर्च न वाढवता बॉडी पंचवीस टक्के हलकी करून दाखवली. आज अनेक भारतीय मोटारींच्या प्रवाशांभोवतीच्या पिंजऱ्यात असे अतिबलवान पोलाद असते. ॲल्युमिनियमवाले म्हणतात, हा टप्पा आता संपत आला. पत्रा आणखी पातळ केला तर ताठपणा जातो. पोलादवाले म्हणतात, दुरुस्ती, किंमत आणि भंगार या तिन्ही बाबतींत अजून आमचाच हात वर आहे.

सोलापूरच्या कॅमशाफ्टमध्ये लोखंडाचे हे कसब जवळून पाहता येते. वाळूच्या साच्यात कॅमच्या टोकापाशी लोखंडी ठोकळे बसवतात. त्यांना चिल म्हणतात. रस त्यांना भिडला की तिथली उष्णता झटकन ओढली जाते, कार्बनला ग्रॅफाइट होऊन बसायला वेळ मिळत नाही, आणि तेवढाच भाग पांढरा, काचेसारखा कठीण होतो. दांड्याचा बाकीचा भाग करडा, यंत्रावर कापता येण्याजोगा राहतो. एकाच ओतणीत दोन स्वभाव. नंतर उष्णोपचार नाही की वेगळे लेपन नाही. याला पर्याय म्हणजे पोलादी नळीवर वेगळे बनवलेले कॅम बसवणे. तो शाफ्ट बराच हलका होतो, पण जोडणीचा खर्च आणि नेमकेपणा वाढतो. प्रिसिजनने ओतीव कॅमशाफ्टबरोबर असे जोडलेले प्रकारही हाताळले आहेत. ॲल्युमिनियमचा कॅमशाफ्ट मात्र रोजच्या गाडीत कोणी गांभीर्याने सुचवत नाही. कॅम आणि टॅपेट यांच्या स्पर्शबिंदूवरचा दाब त्याला झेपत नाही. हलक्या धातूची हद्द कुठे संपते याचे हे साधे उदाहरण.

कार्बनचा हिशेब

आता सर्वांत तापलेला मुद्दा. ढोबळ आकडेमोड करून पाहू.

शंभर किलो पोलादाच्या जागी साठ किलो ॲल्युमिनियम बसवले असे धरा. झोतभट्टीतल्या पोलादामागे टनाला सव्वादोन टन कार्बन डायऑक्साइड धरला तर शंभर किलोचे सव्वादोनशे किलो होतात. खनिजापासून एक टन ॲल्युमिनियम काढायला सुमारे १४,००० युनिट वीज लागते. ती कोळशाची असेल तर ॲल्युमिना आणि कार्बन-दांड्यांसह टनाला १८ टनांच्या आसपास उत्सर्जन होते. साठ किलोचे झाले १,०८० किलो. म्हणजे गाडी कारखान्याबाहेर पडताना साडेआठशे किलो कर्जात. ती हलकी झाली चाळीस किलोंनी. शंभर किलो वजन घटले तर शंभर किलोमीटरमागे ०.३ लिटर पेट्रोल वाचते असे मानले, तर चाळीस किलोंमुळे ०.१२ लिटर वाचते. शुद्धीकरणासह हिशेब केला तर एक तृतीयांश किलो कार्बन डायऑक्साइड. या गतीने कर्ज फिटायला अडीच लाख किलोमीटर लागतात. बहुतेक घरगुती गाड्या तेवढ्या धावत नाहीत.

तेच ॲल्युमिनियम भंगारातून आले तर ऊर्जा खनिजाच्या मानाने पाच टक्क्यांच्या आसपास लागते, आणि साठ किलोंचे उत्सर्जन पोलादापेक्षाही खाली येते. गाडी पहिल्या दिवसापासून फायद्यात. नॉर्वे किंवा कॅनडातल्या जलविद्युतीवरचे ॲल्युमिनियम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. म्हणजे 'ॲल्युमिनियम हिरवे की काळे' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच.

इथे मतभेद पद्धतीचा आहे. एक गट म्हणतो, गाडीच्या आयुष्याअखेर ॲल्युमिनियम पुन्हा वितळेल, तेव्हा वाचणाऱ्या उत्सर्जनाचे श्रेय आजच द्यावे. दुसरा म्हणतो, पंधरा वर्षांनी होणाऱ्या गोष्टीची हुंडी आज वटवू नये. आज किती भंगार वापरले तेवढेच मोजा. निवडलेल्या पद्धतीप्रमाणे एकाच गाडीचा निष्कर्ष उलटा होतो. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आला असून त्यात ॲल्युमिनियमही आहे. त्यामुळे हा वाद आता निर्यातदाराच्या बिलापर्यंत पोचला आहे.

भंगाराचा प्रश्न तर खास आपला. आयात होणाऱ्या मालाला व्यापारात झोर्बा, ट्विच, टेन्स अशी ठरलेली नावे आहेत. आपल्याकडची निवड बहुतांशी हाताने आणि अनुभवी नजरेने होते. त्यातून ओतकामाचा माल चांगला निघतो, पत्र्याचा निघत नाही. नॉर्वेतल्या मोडारेसी आणि म्युलर यांनी २०१२ मध्येच इशारा दिला होता की मिश्र भंगार आजवर इंजिनांच्या ओतकामात जिरत आले. विजेच्या गाड्यांत इंजिन नसेल तेव्हा हे भंगार जाईल कुठे? युरोपपुरता हा धोका खरा दिसतो. भारतात दुचाकींची भूक मोठी असल्यामुळे तो उशिरा येईल, असे म्हणता येते. पण स्कूटरही विजेवर जात आहे.

न सुटलेले

छिद्रांवरून आयुष्य वर्तवणे अजून जमलेले नाही, आणि क्ष-किरण टोमोग्राफीने आतले चित्र दिसू लागल्यावरही ती पोकळी पापुद्र्याची की आकुंचनाची हे ठरवणे बाकी आहे. भंगारातून अपघातसुरक्षित भाग ओतण्यासाठी लोखंडाची मर्यादा किती सैल करता येईल, यावर युरोप, चीन आणि नागपूर सगळीकडे काम चालू आहे. सर्वमान्य आकडा नाही. धोरणात एक गाठ आहे. कॅफेची मर्यादा गाड्यांच्या सरासरी वजनाशी बांधलेली आहे. वजन जास्त तर सूट जास्त. म्हणजे कंपनीने वजन उतरवले की तिचे उद्दिष्टही कडक होते, आणि हलक्या धातूवरचा खर्च अंशतः वाया जातो. एप्रिल २०२७ पासूनच्या पुढच्या टप्प्याच्या मसुद्यांवर छोट्या गाड्यांच्या सवलतीवरून कंपन्यांमध्ये फूट पडली ती याच वजनाच्या मुद्द्यावर.

सोलापूरपुरता प्रश्न आणखी नेमका आहे. विजेच्या गाडीत कॅमशाफ्ट नसतो, हायब्रिडमध्ये असतो. दोहोंचे प्रमाण कसे राहील यावर चिंचोळीच्या भट्ट्यांचे आयुष्य ठरेल. प्रिसिजनने २०१७-१८ मध्ये नाशिकची मेमको घेतली, नेदरलँडमधल्या इमॉस या विजेरी वाहनांच्या कंपनीत हिस्सा घेतला, आणि पुढे मालवाहू गाड्यांना विजेची जोडणी करण्याकडेही वळली. पण गाडीला मोटर आणि बॅटरी बसवण्यात ओतकामाचे कौशल्य फारसे लागत नाही. ते लागते मोटरच्या केसिंगला, बॅटरीच्या पेटीच्या कोपऱ्यांना, इन्व्हर्टरच्या थंड ठेवायच्या झाकणाला. चौदाशे अंशांचे लोखंड वाळूत ओतणाऱ्या माणसाला सातशे अंशांचे ॲल्युमिनियम पोलादी साच्यात दाबायला शिकवता येते. महाग असतात ते साचे आणि यंत्रे, आणि ते काम सध्या बहुतांशी वाळूज-चाकणच्या बाजूला आहे.